घराचा फोटो आणि पेटीचा वरचा थर



परतीच्या पावसाने परवापासून कापणी अडवली आहे. हळवं भात खळ्यात आलं, गरवं अजून उभं आहे आणि खालच्या दोन कुणग्यांत तर आडवं झालंय. ऊन पडेपर्यंत हातात काम नाही, म्हणून आज भात बाजूला ठेवून दुसऱ्याच विषयावर लिहितो. दिवाळीची सुट्टी जवळ आली की चार-पाच जणांचे तरी फोन येतात, "दादा, आम्हीपण जुनं घर पाहुण्यांना द्यायचं ठरवलंय. फोटो कुणाकडून काढून घेऊ?" याचं उत्तर फोनवर देऊन होत नाही. आणि मी स्वतः यात एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, तेव्हा लिहिलेलंच बरं.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर मंगळुरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. मुलं बाहेर पडली, घर मोठं राहिलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्यानंतर आमच्या राजापूर तालुक्यात आणखी चार घरांनी पाहुणे घ्यायला सुरुवात केली, तसं आम्हीही ओटीच्या बाजूच्या दोन खोल्या तयार केल्या. आंबा-काजूवर सगळी भिस्त ठेवून चालत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. मोहोर जळाला तर त्या वर्षी या दोन खोल्यांनीच खतांचं बिल भागवलंय.

सुरुवातीला फोटो मीच काढले होते. वाईट होते. अंधारी खोली, खिडकीत नुसता पांढरा उजेड, खाटेखाली चपला. कुणी फोन करीना. म्हणून भाच्याच्या ओळखीचा एक फोटोग्राफर शहरातून बोलावला. पोरगा हुशार, मेहनती, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. श्रावणातली उघडीप गाठून आला, दोन दिवस राहिला, आठ हजार घेतले. फोटो बघून आम्ही घरची माणसंसुद्धा म्हणालो, हे आपलं घर?

आता वाटतं, तिथेच शंका यायला हवी होती.

त्याने काय केलं ते सांगतो, कारण सगळीकडे हेच चाललंय. खोल्यांचे फोटो रुंद भिंगाने काढले. दहा बाय बाराची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसायला लागली, आणि कडेचे खांब बाहेर झुकले. ओटीवरची आईची खाट, औषधांची पिशवी, काठी हे सगळं उचलून आत नेलं. तिच्या जागी भाच्याच्या ओळखीने मागून आणलेली पितळी भांडी मांडली, त्यातल्या दोन भांड्यांना आमच्याकडे काय म्हणतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. खळ्याचं सारवण पावसाने धुपलं होतं, तर म्हणाला, "काका, फ्रेममध्ये येईल तेवढंच सारवून घ्या." आई आतून म्हणाली, "सारवायचं तर पुरतं सारवा, नाहीतर राहू दे." आम्ही तेवढंच सारवलं. मग ड्रोन उडवला. वरून घर, माड, लाल रस्ता, सगळं एका ओळीत, एखाद्या कॅलेंडरसारखं.

रंगांचं तर विचारू नका. चिरा नारिंगी झाला आणि आंब्याची पानं पोपटी. आमचे एक कृषी सहायक मित्र आहेत, त्यांनी तो फोटो बघून फोन केला, "पालवी आली? या वर्षी कल्टार दिलं नाहीत काय?" मी म्हटलं, साहेब, जुलैतच दिलंय, पालवी कॉम्प्युटरवर आलीय.

हसलो तेव्हा. डिसेंबरात हसू गेलं.

नाताळच्या सुट्टीत एक कुटुंब आलं. रात्री साडेआठला गाडी खाली रस्त्यावर थांबली. मी बॅटरी घेऊन उतरलो. गाडीत मुलगा, सून, दोन पोरं आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. आणि आमच्या घराला रस्त्यापासून पाखाडी आहे, त्रेचाळीस पायऱ्यांची. चिऱ्याच्या पायऱ्या, सगळ्या एका उंचीच्या नाहीत, कठडा नाही. आम्ही जन्मापासून चढतोय, आमच्या ध्यानातच येत नाही ती. ड्रोनच्या फोटोत पाखाडी झाडांखाली झाकली गेली होती, आणि वरून बघताना चढ कळतच नाही. रस्ता खळ्याला लागूनच आहे असं वाटायचं.

आजी पाखाडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "फोटोत गाडी दारात जाईलसं दिसत होतं हो."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. एका बाजूला त्यांचा मुलगा, एका बाजूला मी, मागून आमचा गडी. मधल्या वळणावर खुर्चीचा पाय वाकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वर पोचल्यावर पुढचा प्रश्न. संडास-न्हाणी घराच्या बाहेर, परसवात, दारापासून पंधरा पावलांवर. त्याचा फोटोच काढला नव्हता, कारण फोटोग्राफरच्या मते त्यात "कॅरेक्टर" नव्हतं. रात्री दोनदा माझी बायको आजींचा हात धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या नाहीत. देवळात गेल्या नाहीत, समुद्र बघितला नाही, ओटीवर आईशी बोलत बसल्या. दोघींचं जमलं, हे एक नशीब.

मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही. पैसे पूर्ण दिले. घरी जाऊन त्याने दोन तारे दिले आणि लिहिलं : घर छान, माणसं चांगली, पण फोटो फसवे.

फसवे. तीस वर्षं आंबा विकतोय. वडिलांचा एक नियम होता, पेटीत वरच्या थराला जे फळ, तेच तळाला. वर निवडक आणि खाली बारकी, डागी भरणारे आमच्याही गावात होते. त्यांची पेटी वाशीला एक वर्ष चढ्या दराने गेली, दुसऱ्या वर्षी दलाल वरचा थर उचलून खाली हात घालायला लागला. आमच्या पेटीत कुणी हात घातला नाही कधी. आणि इथे मी घराची पेटी भरताना वरचाच थर दाखवून बसलो होतो. मुद्दाम नाही केलं, हे खरं. पण पेटी उघडणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पाहुणा येण्यासाठी फोटो असतो हे अर्धंच खरं आहे. ज्याला आपलं घर सोसणार नाही, त्याने येऊ नये, यासाठीही तो असतो. जुन्या घराच्या बाबतीत तर जास्तच. लॉजची खोली सगळीकडे सारखी, तिथे फोटो चुकला तरी माणसाला काय मिळणार याचा अंदाज असतो. पण जुन्या घराला स्वभाव असतो. दार बुटकं, उंबरठा उंच, कौलातून मांजर चालली तर माती पडते, रात्री वाशांचा आवाज येतो, माळ्यावर काय खुडबुडतंय ते आम्ही सांगत नाही. हा स्वभाव आवडणारी माणसं आहेत, भरपूर आहेत. त्यांना तो फोटोत दिसला पाहिजे, आणि न आवडणाऱ्यांनाही दिसला पाहिजे.

याउलट, फोटो कसेही काढले तरी चालतात असंही कुणी समजू नका. एअरबीएनबीची सुरुवात झाली तेव्हा २००९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या घरांना गिऱ्हाईक मिळेना, तर कंपनी काढणारी पोरं स्वतः भाड्याचा कॅमेरा घेऊन घरोघर फिरली आणि नीट फोटो काढले, मग धंदा हलला. तेव्हा चांगला फोटो हवाच. चांगला म्हणजे खोटा नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

यात आपल्या लोकांना एक सोपी खूण आहे. रोगट पानाचा फोटो कृषी विज्ञान केंद्राला पाठवताना आपण काय करतो? पहिल्यांदा सगळे एकच चूक करतात, एका पानाचा जवळून फोटो, तोही हललेला. मग तिकडून निरोप येतो, पानाच्या दोन्ही बाजू पाठवा, अख्खं झाड पाठवा, बुंधा पाठवा, शेजारचं चांगलं झाड पाठवा, मापासाठी शेजारी पेन ठेवा. घराचंही तेच. जवळून एक, लांबून एक, आणि मापाला माणूस. चांगलं तेवढंच पाठवलं तर निदान चुकतं, मग ते झाडाचं असो की घराचं.

आम्ही जानेवारीत सगळे जुने फोटो काढून टाकले आणि भाच्याला घेऊन साध्या मोबाईलवर नवे काढले. काय काय कळलं ते सांगतो.

आमच्याकडच्या घरांची मोठी अडचण उजेडाची. पावसासाठी वळचण खाली उतरवलेली, त्यामुळे माजघरात दिवसाही संधिप्रकाश. फ्लॅश मारला की चिऱ्याची भिंत सपाट पत्र्यासारखी दिसते. ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लावले तर निम्मी भिंत निळी, निम्मी पिवळी. आम्ही सगळे दिवे बंद केले आणि उजेडाची वाट बघितली. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी आठला ओटीवर उन्हाचे पट्टे पडतात, डोळ्याला छान, पण कॅमेऱ्याला ते झेपत नाहीत. हलकं ढग आलं की काढायचं. माजघरात एक काचेचं कौल आहे, त्यातून अकराच्या सुमाराला उजेडाची तिरीप जात्यावर पडते. तो फोटो भाच्याने काढला, आणि आमच्या सगळ्या फोटोंत लोकांना तोच आवडतो. फोटोग्राफरने तिथे धूर केला होता, आम्ही नाही केला. चुलीवर पाणी तापत होतं, तेवढा धूर आपोआप आला.

मोबाईल हातात धरला तर अंधारात फोटो हलतो. पायलीचं माप उपडं घातलं, त्यावर मोबाईल टेकवला आणि टायमर लावला, तीन सेकंदांचा. आणि आधी भिंग पुसा. आपल्या खिशात मोबाईलबरोबर काय काय असतं, तेही बघा एकदा. फोटो धुरकट येतो म्हणून भाचा अर्धा तास सेटिंग बघत होता, निघाली काजूच्या डिंकाची बोटं.

मोबाईलमधलं ते अर्धा लिहिलेलं रुंद भिंग खोलीत वापरू नका. एकवर ठेवा, आणि खोलीत मावत नसेल तर दारात, दाराबाहेर जा. दाराची चौकट फोटोत आली तर बिघडत नाही, उलट दार किती बुटकं आहे ते कळतं. मोबाईल छातीच्या उंचीवर, सरळ धरायचा. वर-खाली कलला की खांब पडल्यासारखे दिसतात, आणि फणसाचा खांब पडताना दिसला तर आजोबा वरून शिव्या देतील.

बाहेरून घराचा फोटो दिवेलागणीला. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं अशी मिळतात की आभाळाचा उजेड आणि ओटीवरच्या बल्बचा उजेड एकमेकाला धरून असतो. त्याच्या आधी बल्ब दिसत नाही, नंतर घर दिसत नाही.

कौलांचे जवळून फोटो काढा असं एका पाहुण्याने सुचवलं, मला ते पटलं नव्हतं. पण आमच्या पडवीच्या कौलांवर खालच्या बाजूला जुन्या कारखान्यांचे छाप आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे बरेच कारखाने झाले आणि ही कौलं समुद्रमार्गे आपल्या बंदरांत उतरायची. वानरांनी फोडलेली कौलं बदलताना छाप असलेली मी आता वेगळी ठेवतो. वानरांचाही फोटो लावलाय. ती आहेतच, लपवून कुठे जाणार? खिडकीत केळी ठेवू नका, असं त्याखाली लिहिलंय.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ती पाखाडी. आमचा पहिला फोटो आता घराचा नाही, पाखाडीचा आहे. खालच्या पायरीवरून काढलेला, वरच्या पायरीवर भाचा उभा, म्हणजे चढ कळतो. खाली लिहिलंय : त्रेचाळीस पायऱ्या, कठडा फक्त वरच्या वळणावर. तो कठडा मी मार्चमध्ये बसवला, बाकीचा पैसे येतील तसा. दुसरा फोटो परसवातून, घराचं मागचं दार आणि संडासाचं दार एकाच चौकटीत, मधली पंधरा पावलं दिसतील असा. तिसरा न्हाणीतला, फरशी, नळ, गरम पाण्याचा बंब. कॅरेक्टर नसलं तरी सकाळी उठून पाहुणा आधी तिथेच जातो.

महिन्याचं नावही प्रत्येक फोटोखाली घातलंय. श्रावणातलं हिरवं खळं बघून लोक एप्रिलात येतात आणि लाल धूळ, तळाला गेलेली विहीर बघून तोंड पाडतात. आम्ही एकाच जागेवरून चार वेळा फोटो काढला : लावणी, कापणी, मोहोर, आंबा काढणी. मोहोराच्या फोटोखाली फवारणीबद्दल लिहिलंय. घराला लागूनच कलमं आहेत. तुडतुड्यावर फवारणी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी बुकिंग घेत नाही, लहान पोरं असतात लोकांची. फवारणी पुढे ढकलता येत नाही, पाहुणा ढकलता येतो.

आईची खाट ओटीवर परत आली. तिला विचारलं, फोटोत बसशील का, तर नको म्हणाली. मग खाटेचा आणि काठीचा फोटो काढला, तिचा नाही. देव्हाऱ्याचा काढला नाही. पाहुण्यांच्या पोरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय लावत नाही. हे कुणी शिकवलं नाही, पण भांडण झालेलं ऐकून आहे.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं दाखवल्यावर येतं कोण? खरं सांगतो, पहिल्या उन्हाळ्यात बुकिंग कमी झाली. मे महिन्यात दोन शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या गेल्या, असं आधी होत नसे. बायको म्हणाली, तो ड्रोनचा फोटो परत लावा एक. मलाही मोह झाला. शेजारच्या गावात एकाने भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलंय, ज्याच्या सात पिढ्यांत बैलगाडी नव्हती, आपल्या डोंगरात गाडी चालणार कुठे? त्याच्याकडे शनिवार भरलेले असतात. ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं, तरी सांगून टाकलं.

पण जे आले त्यातलं कुणी पाखाडीखालून परत गेलं नाही. फोन करणारे आता वेगळे प्रश्न विचारतात. एका बाईंनी विचारलं, काठी टेकत चढता येईल का? मी म्हटलं, दोनदा बसावं लागेल, मधल्या वळणावर दगडी बैठक आहे. त्या आल्या, दोनदा बसल्या, चार दिवस राहिल्या. एक जण म्हणाला, मग वडिलांना नको, आम्ही दोघंच येतो. त्याचं एक माणसाचं भाडं गेलं माझं. जाऊ दे.

डिसेंबरातल्या त्या मुलाला मी उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवली, आजींच्या नावाने. काही लिहिलं नाही सोबत. त्याने फोन केला, आजी ठीक आहेत म्हणाला, आमच्या आईची चौकशी केली त्यांनी. ते दोन तारे अजून तसेच आहेत. काढा म्हणून मी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही, कारण त्या दिवशीचे फोटो फसवेच होते.

पश्चिमेला जरा उघडल्यासारखं वाटतंय. उद्या ऊन पडलं तर आधी आडवं झालेलं भात उचलायचं, मग उडवी रचायची, आणि उडवीचा फोटो भाचा काढेल.

ज्यांना आपल्या घराचे फोटो माझ्या नजरेखालून घालायचे असतील त्यांनी जरूर पाठवा. पण संडासाचा आणि रस्त्यापासून दारापर्यंतच्या वाटेचा आधी पाठवा. झोपाळ्याचा नंतर बघू.